मूत्राशयाच्या गाठीचा एमआरआय: शस्त्रक्रियेआधी कुठली मापं घ्यायची आणि ती चुकतात कुठं

प्रश्न असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात १.५ टेस्लाचं एमआरआय मशीन आहे. मूत्राशयात गाठ सापडलेले रुग्ण पुढे शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यात बांबोळीला जातात. एमआरआयवर मापं घेऊन गाठ स्नायूत शिरली आहे की नाही हे सांगता येतं का, आणि ती मापं कशी घेतली तर पुढच्या सर्जनला पहिल्यापासून सगळं करावं लागणार नाही?

सांगता येतं, आणि बऱ्यापैकी भरवशानं सांगता येतं. मात्र माप घेण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एमआरआय टीयूआरच्या, म्हणजे दुर्बिणीतून गाठ खरवडण्याच्या, आधी झाला पाहिजे, मूत्राशय योग्य तेवढंच भरलेलं पाहिजे आणि चित्र गाठीच्या बुडाला काटकोनात घेतलेलं पाहिजे. यातली एक जरी चुकली तरी पडद्यावर दिसणारा, समजा २४ मि.मी., हा आकडा कितीही नेमका वाटो, तो कामाचा नसतो. म्हणून मापांपेक्षा तयारीवर जास्त लिहितो आहे.

आधी हे पक्कं करू की मापं कशासाठी घ्यायची. मूत्राशयाच्या कर्करोगात सगळे उपचार एका प्रश्नावर फिरतात: गाठ अस्तरापुरती आहे की खालच्या स्नायूत गेली आहे? अस्तरापुरती असेल, म्हणजे टीए किंवा टी१, तर दुर्बिणीतून खरवडून काढणं आणि मूत्राशयात बीसीजीसारखं औषध सोडणं यावर भागतं. स्नायूत गेली असेल, म्हणजे टी२ आणि पुढे, तर केमोथेरपी आणि अख्खं मूत्राशय काढणं, नाहीतर केमो-रेडिएशन. एमआरआय या सीमारेषेसाठी उत्तम आहे. टीए आणि टी१ यांतला फरक त्यावर दिसत नाही, सपाट पसरणारा, अस्तरापुरता सीआयएस (कार्सिनोमा इन सिटू) सहसा दिसतच नाही, आणि टी२ए की टी२बी, म्हणजे स्नायूत वरवर की खोल, हे सांगण्याच्या फंदात पडू नये. टी३ए म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कळणारा चरबीतला शिरकाव, तोही चित्रात येत नाही. हे रिपोर्टमध्ये न लिहिणं हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

आता वेळ. टीयूआर झाली की भिंत सुजते, आत रक्त साचतं, भरून येणारी ऊती कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते चित्र उजळवणारं औषध) शोषते, आणि टी-२ चित्रात (हा एमआरआय चित्राचा प्रकार, टी२ स्टेज नव्हे) जी स्नायूची काळी रेघ आपण शोधत असतो ती सर्जनच्या लूपनंच, म्हणजे खरवडायच्या तारेनंच, कापलेली असते. मग साधी टी१ गाठही स्नायूत गेल्यासारखी दिसते. टीयूआर, बायोप्सी किंवा मूत्राशयात औषध सोडल्यावर निदान २ आठवडे थांबायचं, आणि त्यानंतरही सूज पूर्ण गेली असं गृहीत धरायचं नाही. नुसती सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पाहणी, झाली असेल किंवा कॅथेटर नुकताच काढला असेल तर २ दिवस पुरतात. इथं अडचण हवेची असते. कॅथेटरवाटे आत गेलेली हवा उताणं झोपल्यावर पुढच्या भिंतीखाली जमते आणि डिफ्यूजनचं, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारं, चित्र तिथं वाकडंतिकडं होतं. नेमकी तिथंच गाठ असेल तर सगळी तपासणी वाया जाते.

आपल्याकडे वेदनेशिवाय लाल लघवी झाली की अजूनही ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा, धन्याचं पाणी, कोकम सरबत सुरू होतं, आणि लघवी एकदा स्वच्छ झाली की विषय मिटतो. त्यामुळे रुग्ण येतो तो पुष्कळदा गुठळ्या होऊन लघवी अडल्यावर, आणि तालुक्याच्या ठिकाणी लगेच टीयूआर उरकली जाते. रक्तस्राव थांबतच नसेल तर थांबायला वाव नाही, शस्त्रक्रिया आधी. पण मूत्राशय धुऊन रक्त थांबलं असेल, तर तिथल्या डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगावं: खरवडण्याआधी आमच्याकडे पाठवा. या एका फोनचं मोल पुढच्या सगळ्या मापांपेक्षा जास्त आहे.

मूत्राशय किती भरलेलं हवं? २५० ते ३०० मि.ली. लांज्याहून किंवा राजापुराहून एसटीनं येणारा रुग्ण स्टँडवर उतरल्याबरोबर लघवी करून येतो, आणि ‘लघवी धरून ठेवा’ असं घरीच सांगितलेला रुग्ण गाडीत कळवळत येतो. दोन्ही नकोत. नोंदणीच्या वेळी पूर्ण लघवी करायला लावावी, मग ५०० मि.ली. ते १ लिटर पाणी द्यावं, आणि साधारण अर्ध्या ते एका तासानं सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मोजावं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ०.५२ नं गुणायचं. ८.५ × ८ × ७.५ आलं, तर २६५ मि.ली. झाले, टेबलावर घ्या. २०० च्या खाली असेल तर आणखी वीस मिनिटं बसवा. ४०० च्या वर गेलं असेल तर थोडी लघवी करू द्या. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर माणसात लघवी करून आल्यावरही १५० मि.ली. उरलेली असते, त्याला लिटरभर पाणी पाजलं तर अर्ध्या तपासणीत उठून बसेल. सकाळी रक्तदाबाची ‘पाणी काढणारी’ गोळी घेतली आहे का हेही विचारावं. फ्युरोसेमाइड घेतलेल्याचं मूत्राशय सुरुवातीला २८० असलं तरी शेवटच्या कॉन्ट्रास्टच्या चित्रांपर्यंत भलतंच फुगलेलं असतं. त्या दिवशीची गोळी तपासणीनंतर घ्यावी का, हे त्याच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवावं.

कमी भरलं तर भिंतीला घड्या पडतात, निरोगी भिंतही जाड दिसते, लहान गाठ घडीत लपते, आणि गाठीचं बूड असतं त्यापेक्षा रुंद भासतं. जास्त भरलं तर भिंत ताणून इतकी पातळ होते की काळी रेघ धड दिसत नाही, आणि रुग्ण हलतो तो वेगळाच. म्हणून मापासोबत मूत्राशयात किती मि.ली. होते हे लिहिलंच पाहिजे. चित्रं घेताना टी-२ नंतर लगेच डिफ्यूजन घ्यावं, शेवटी ठेवू नये.

आतड्याची हालचाल थांबवण्यासाठी हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड २० मि.ग्रॅ. शिरेतून सावकाश किंवा स्नायूत. काचबिंदू, लघवी अडण्याचा इतिहास, हृदयाचे अनियमित ठोके असतील तर देऊ नये. पेसमेकरची चौकशी होतेच, पण मिरकरवाड्यासारख्या बंदरावर बोटींच्या दुरुस्तीत ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे मुद्दाम विचारावं. ‘धातू आहे का’ असं विचारलं तर तो नाही म्हणेल.

चित्रांचं म्हणाल तर टी-२ तिन्ही प्रतलांत (आडवं, सॅजिटल म्हणजे पुढून-मागं उभं, कोरोनल म्हणजे डावी-उजवीकडे उभं), फॅट सप्रेशन (चरबीचा उजेड दाबणं) न लावता, स्लाइस ३ ते ४ मि.मी. डिफ्यूजन त्याच जाडीचं, बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनची तीव्रता ठरवणारा आकडा) ० आणि ८०० ते १०००. कॉन्ट्रास्ट किलोला ०.१ मिलिमोल, सेकंदाला १.५ ते २ मि.ली. वेगानं, आणि दर ३० सेकंदांनी एक फेरी अशा चार ते सहा फेऱ्या. इथं एक चूक सहज होते. बहुतेक कॉन्ट्रास्ट मि.ली.ला ०.५ मिलिमोलचे असतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मि.ली. गॅडोब्युट्रॉल मात्र मि.ली.ला १ मिलिमोलचं असतं, त्याचे ६ मि.ली.च द्यायचे. बाटलीवरचं वाचल्याशिवाय सिरिंज भरू नये. किडनी अडलेली असेल आणि जीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मॅक्रोसायक्लिक प्रकारचंच कॉन्ट्रास्ट, तेही खरंच गरज असेल तर. टी-२ आणि डिफ्यूजन उत्तम आलं असेल तर कॉन्ट्रास्टशिवायही बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

कॉन्ट्रास्टच्या फेऱ्यांत पहिल्याच फेरीकडे नीट पाहा. गाठ आणि आतलं अस्तर लवकर उजळतात, स्नायू उशिरा. त्यामुळे सुरुवातीला उजळ गाठीखाली स्नायूची काळी पट्टी सरळ धावताना दिसली, तर स्नायू शाबूत आहे. मिनिटभरानं स्नायूही उजळतो आणि ती पट्टी पुसली जाते. उशिराच्या चित्रावर ‘पट्टी तुटली’ म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

प्रतलाबद्दल कुणीही फारसं बोलत नाही, आणि सर्वांत जास्त चुका तिथंच होतात. घुमटावरच्या गाठीला आडवी स्लाइस तिरकी कापते, भिंत आणि गाठ एकाच चौकटीत मिसळतात, आणि रेघ तुटल्याचा भास होतो. घुमट आणि मूत्राशयाची मान सॅजिटलवर पाहावी, बाजूच्या भिंती आडव्या आणि कोरोनलवर. गाठ अडनिड्या जागी असेल तर पहिली टी-२ मालिका आल्यावर थांबून, बुडाला काटकोनात एक तिरकी मालिका घ्यावी. चार मिनिटं जास्त लागतात.

आता मापं. पहिलं, गाठीचा सर्वांत मोठा व्यास, आणि तो कुठल्या प्रतलात घेतला. हे सोपं आहे, पण स्टेजसाठी फारसं बोलकं नाही. ४ सें.मी.ची गाठ अस्तरापुरती असू शकते आणि दीड सें.मी.ची स्नायूत खोल गेलेली असू शकते.

खरं बोलकं माप म्हणजे भिंतीशी चिकटलेली लांबी. पावसाळ्यात मेरेवर उगवणारी अळंबी आणि कातळाला चिकटलेलं कालव डोळ्यांपुढे आणा. अळंबीची छत्री कितीही मोठी असो, जमिनीला धरून असतो तो देठ. कालव बोटभर असलं तरी सगळ्या बुडानं कातळ धरून असतं. देठाच्या गाठी बहुधा वर राहतात, बैठ्या गाठी खाली उतरतात. ज्या स्लाइसवर बूड सर्वांत रुंद दिसतं ती निवडायची, गाठ भिंतीला जिथं मिळते त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंतीच्या वळणानं रेघ ओढायची. सरळ पट्टी चालते का? हिशेब करून बघू. २६५ मि.ली. भरलेलं मूत्राशय गोल धरलं तर त्रिज्या जेमतेम ४ सें.मी. त्यावर २.५ सें.मी.च्या बुडासाठी सरळ आणि वक्र मापात अर्धा मि.मी.चाही फरक पडत नाही, ५ सें.मी.ला ४ मि.मी. पडतो. तेच मूत्राशय १०० मि.ली. वर असेल तर त्रिज्या २.९ सें.मी. होते आणि ५ सें.मी.च्या सरळ रेघेमागे वक्र माप ६ सें.मी. निघतं. म्हणजे नीट भरलेल्या मूत्राशयातल्या लहान गाठीला कुठलंही साधन चालेल. मोठ्या गाठीला वळणाची रेघच हवी.

या मापातला मोठा सापळा देठाच्या गाठीचा. फ्लॉवरसारखी पसरलेली छत्री भिंतीवर लवंडून टेकते, आणि पाहणारा ४ सें.मी. चिकटलेली लांबी लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात देठ असतो ६ मि.मी.चा. टी-२ वर छत्री आणि भिंत यांच्यात लघवीची पांढरी फट दिसते का शोधा. डिफ्यूजनवर गाठ उजळ आणि मधला देठ काळा, कमानीत चालणाऱ्या अळीसारखा दिसतो, ही चांगली खूण आहे. तरी शंका असेल तर रुग्णाला पालथं झोपवून एक टी-२ मालिका घ्या, छत्री भिंतीपासून सुटते. गाठ नसून रक्ताची गुठळी असेल तर तीही याच वेळी जागा सोडते. देठ सापडला की चिकटलेली लांबी न लिहिता देठाची रुंदी लिहावी.

किती मि.मी.च्या पुढे धोका? वेगवेगळ्या केंद्रांनी काढलेल्या सीमारेषा एकसारख्या नाहीत, कारण मूत्राशयाचा भराव, प्रतल आणि रुग्ण वेगळे होते. व्यवहारात माझा कल असा: दीड सें.मी.च्या खाली दिलासा, तीनच्या वर दाट संशय, आणि मधल्या पट्ट्यात हे माप एकट्यानं काही ठरवत नाही.

तिसरं माप एडीसी, म्हणजे ऊतीत पाण्याचे रेणू किती मोकळेपणानं फिरतात त्याचा आकडा. पेशी दाटीवाटीनं असतील तर तो घसरतो. गाठीचा घट्ट, एडीसी नकाशावर सर्वांत गडद भाग निवडून तीन वर्तुळं काढायची आणि सरासरी घ्यायची. देठ, कुजलेला भाग, चुन्याचा थर आणि लघवीची कड वर्तुळात येता कामा नये. कडेचा एक पिक्सेल लघवीचा आला तरी आकडा फुगतो. नेहमीच्या एककात (सेकंदाला चौरस मि.मी.चा हजारावा भाग) आक्रमक, स्नायूत गेलेल्या गाठी बहुधा १ च्या खाली असतात, सौम्य गाठी त्याच्या वर. पण दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळतात, त्यामुळे ०.९८ आणि १.०४ यांवरून स्टेज ठरवू नये. १ सें.मी.पेक्षा लहान गाठीत ४ मि.मी.ची स्लाइस भिंत आणि लघवी दोन्ही पकडते. तिथं एडीसी लिहूच नये.

मशीन खरं बोलतंय का हे तपासायला एक फुकटचा मापदंड रुग्णाच्या आतच असतो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा एडीसी साधारण ३ असतो, आणि लघवी जवळजवळ पाणीच. मूत्राशयाच्या मध्यभागी वर्तुळ काढा. ३ च्या आसपास आलं तर ठीक. २.३ किंवा २.४ आलं तर हवा, हालचाल किंवा चुकीच्या बी-व्हॅल्यू शोधा. बी-२००० धरून नकाशा काढला असेल तर लघवीचा सिग्नल नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या खरखरीत, बुडतो आणि आकडा आपोआप पडतो, म्हणून मापासाठीचा नकाशा ० आणि ८०० ते १००० वरूनच काढावा.

ही मापं बसवायची ती व्हाय-रॅड्सच्या चौकटीत. गाठ स्नायूत गेल्याची शक्यता सांगणारी, २०१८ साली आलेली ही १ ते ५ गुणांची पद्धत आहे. १ म्हणजे १ सें.मी.च्या आतली, रेघ अखंड असलेली गाठ. २ म्हणजे त्याहून मोठी, पण देठ असलेली किंवा खाली जाड अस्तर शाबूत असलेली. ३ म्हणजे बैठी, अस्तराची ती जाडी नाही, पण रेघ तुटल्याचंही स्पष्ट नाही. ४ म्हणजे रेघ तुटली, ५ म्हणजे बाहेरच्या चरबीत गेली. चित्रं एकमेकांशी जुळत नसतील तर डिफ्यूजनचा शब्द शेवटचा. ते बिघडलं असेल, समजा खुब्याच्या कृत्रिम सांध्यामुळे, तर कॉन्ट्रास्टचा. १-२ आणि ४-५ मध्ये मापांनी फारसं काही बदलत नाही. मापांची खरी गरज ३ मध्ये आहे. बैठी गाठ, चिकटलेली लांबी ३४ मि.मी., एडीसी ०.८२, त्याच बाजूची किडनी फुगलेली, असा ३ गुण आणि १४ मि.मी., १.२५, किडनी ठीक, असा ३ गुण हे सर्जनसाठी दोन वेगळे रुग्ण आहेत. तसं स्पष्ट लिहावं.

तीन ठिकाणी रेघ शोधूच नये. मूत्रनलिका जिथं उघडते तिथं रेघ मुळातच खंडित असते. मूत्राशयाच्या पिशवीसारख्या फुगव्यात, म्हणजे डायव्हर्टिक्युलममध्ये, स्नायूच नसतो, त्यामुळे तिथल्या गाठीला टी२ ही पायरीच नाही, ती अस्तरातून थेट चरबीत जाते. आणि बीसीजी घेतलेल्या भिंतीत सूज आणि कर्करोग यांत फरक करणं फार कठीण.

लसिकाग्रंथींचा लहान व्यास मोजायचा. ओटीपोटात ८ मि.मी.च्या वर संशय. खऱ्या ओटीपोटातली एक असेल तर एन१ (एन म्हणजे ग्रंथींची स्टेज), अनेक असतील तर एन२, त्याहून वरच्या कॉमन इलियाक रक्तवाहिनीजवळ असेल तर एन३. याशिवाय गाठीच्या कडेपासून मूत्रनलिकेच्या मुखापर्यंतचं आणि मूत्राशयाच्या मानेपर्यंतचं अंतर मि.मी.मध्ये लिहा. रेडिओलॉजिस्ट हे पुष्कळदा वगळतात, आणि सर्जनला ते पहिल्यांदा हवं असतं.

एमआरआय कितीही बोलका असला तरी ऊतीचा तुकडा लागतोच. कर्करोगाचा प्रकार कळल्याशिवाय केमो सुरू होत नाही. ४ किंवा ५ गुण असतील तर सगळी गाठ खरवडण्याऐवजी निदानापुरता तुकडा घेऊन पुढच्या उपचाराकडे लवकर वळता येतं. ब्रिटनमधल्या ब्लॅडरपाथ चाचणीत स्नायूत गेल्याचा संशय असलेल्या रुग्णांना आधी एमआरआय केल्यावर, ज्यांची गाठ खरंच स्नायूत गेली होती त्यांचा योग्य उपचार सुरू व्हायचा मध्यक काळ ९८ दिवसांवरून ५३ वर आला. घाट उतरून-चढून प्रत्येक फेरीला दोन दिवसांची मजुरी बुडवणाऱ्या माणसाला हे दीड महिने किती मोठे आहेत ते वेगळं सांगायला नको. निदानानंतर मूत्राशय काढायला तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर परिणाम बिघडतात, हेही लक्षात असू द्या.

रुग्णासोबत फिल्म नव्हे, डायकॉमची, म्हणजे मूळ डिजिटल चित्रांची, सीडी द्या, आणि एडीसी नकाशा तिच्यात गेला आहे का हे स्वतः उघडून पाहा. मशीनवरून सीडी लिहिताना तयार केलेले नकाशे आणि तिरक्या मालिका राहून जातात. फिल्मवरच्या पंधरा-वीस चित्रांवरून बांबोळीला किंवा मुंबईत परळला बसलेला रेडिओलॉजिस्ट काहीही मोजू शकत नाही. रिपोर्टमध्ये गाठीची जागा, व्यास, देठ आहे की नाही, चिकटलेली लांबी आणि तिचं प्रतल, एडीसी आणि बी-व्हॅल्यू, मूत्राशयाचा भराव, गुण, ग्रंथी, किडनीची स्थिती, याच क्रमानं ओळी ठेवाव्यात. एकापेक्षा जास्त गाठी असतील तर प्रत्येकीला वेगळा क्रमांक.

आणि एक वही ठेवा. आपले रुग्ण शस्त्रक्रियेला दूर जातात, तिकडचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आपल्याकडे आपोआप परत येत नाही. नातेवाइकाचा फोन नंबर घेऊन ठेवा, सहा आठवड्यांनी फोन करा, रिपोर्टचा फोटो मागवा. वहीत तुमची लांबी, तुमचा एडीसी, मूत्राशयाचे मि.ली., तुमचा गुण आणि समोर पॅथॉलॉजीची स्टेज. तुकड्यात स्नायू होता की नव्हता हेही लिहा, कारण स्नायूच नसलेल्या तुकड्यावरून ‘टी१’ आलं असेल तर तुमचा ४ गुण चुकला असं ठरत नाही. अशा वेळी दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआर व्हायला हवी, आणि झाली नसेल तर त्याच फोनवर ते सांगता येतं. तीस-चाळीस रुग्ण झाले की तुमच्या मशीनवर किती मि.मी.ला सावध व्हायचं ते तुमच्या वहीतच दिसू लागेल.